दर्याची राखण

आमच्या कळंबला समुद्र नाही. यवतमाळहून नागपूरच्या सडकेने निघाले की वीस-बावीस किलोमीटरांवर हे गाव लागते. भोवती कापसाची आणि तुरीची काळी राने. पाण्याचे नवल म्हणून सांगावे असे गावात एकच आहे. चिंतामणीच्या देवळात पायऱ्या उतरून खाली जावे लागते, आणि तेथल्या कुंडाचे पाणी काही वर्षांच्या अंतराने आपोआप चढते, गणपतीच्या पायांना लागते आणि ओसरते, असे म्हातारी माणसे सांगत आली आहेत. आमची भरती-ओहोटी काय ती एवढीच. अशा गावात बसून कोणी दर्याच्या राखणीवर लिहू लागला, तर वाचकांना गंमत वाटेल. पण त्याला निमित्त घडले ते दिवाळीच्या किल्ल्याचे.

वऱ्हाडात दिवाळीला किल्ला करण्याची चाल देशावरच्यासारखी घरोघर नाही. माझा नातू मात्र पुण्याला मामाकडून ही विद्या शिकून आला आहे. गेल्या दिवाळीत त्याने अंगणात एक मोठे घमेले पुरले, त्यात पाणी ओतले, मधोमध विटांचे तुकडे आणि चिखल रचून तट उभा केला आणि जाहीर केले, "हा जंजिरा!" कागदाच्या चार होड्या पाण्यात सोडल्या, तटावर मातीचे शिपाई मांडले. मग घटकाभर गालाला हात लावून बसला आणि मला विचारता झाला, "आबा, समुद्रात चोर आला त पोलीस उभा कुठी राहीन?"

मी हसलो. घरातली सगळीच हसली. त्याच्या हातावर एक चकली ठेवून मी वेळ मारून नेली. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. कारण हाच प्रश्न शिवछत्रपतींना पडला होता, जंजिऱ्याच्या सिद्दीला पडला होता, मुंबईच्या इंग्रजांना पडला होता. आणि हिंदी महासागरातल्या लहान लहान बेटांच्या सरकारांना तो आजही रोज पडतो. चकली देऊन चुकविलेले ते उत्तर यंदा द्यावे म्हणून हा लेख.

जमिनीवर कायद्याला उभे राहायला जागा असते. वेस असते, चावडी असते, नाका असतो. शेतात मचाण घालून जागल्या बसला की चोराला कळते, येथे कोणी जागे आहे. समुद्राला ना वेस, ना बांध. तेथे पाय रोवण्याजोगी जागा एकच, ती म्हणजे बेट. ज्याच्या हाती बेट त्याच्या हाती नाका, आणि ज्याच्या हाती नाका त्याची जकात. आता जकात घेणारा आणि लुटारू यांत फरक कोणता? वाटेत दोघेही अडवतात, पैसे दोघेही घेतात. फरक इतकाच की, पैसे घेतल्यावर पहिल्याला राखण करावी लागते. ही एक कसोटी हाती धरून आपल्या किनाऱ्याचा इतिहास वाचला, म्हणजे पुष्कळ जुनी नावे निराळी दिसू लागतात.

कागदाचा अंमल

समुद्राला कुलूप घालण्याचा पहिला मोठा उद्योग आपल्या बाजूला पोर्तुगीजांनी केला. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला उतरला. त्याच्या आधी शेकडो वर्षे अरब, गुजराती, मलबारी व्यापारी हा समुद्र ओलांडत होते. बंदरात शिरले की जकात भरावी लागे हे खरे; पण नुसते पाण्यावरून जाण्यासाठी कोणाचा परवाना घ्यावा, ही कल्पना त्यांना नवी होती. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकाच्या आरंभी ती अमलात आणली. त्यांच्या परवान्याला 'कार्ताझ' म्हणत. जहाज कोणते, नाखवा कोण, बरोबर हत्यारे किती, जाणार कोठे, हे त्यात लिहिलेले असे. मिरीसारख्या ज्या मालाचा मक्ता पोर्तुगालच्या राजाने आपल्याकडे ठेवला होता, तो भरण्याची मनाई असे. वाटेत पोर्तुगीज ठाण्यावर थांबून जकात द्यावी लागे. कागद नसेल तर जहाज जप्त. मक्केच्या यात्रेला निघालेल्या मोगल बादशहाच्या जहाजांनाही हा कागद घ्यावा लागे. दिल्लीच्या पदरी घोडदळ अफाट. पण सुरतेच्या बाऱ्यापुढे त्या घोड्यांचा उपयोग काय?

आपली कसोटी लावली, तर कार्ताझ कोणापासून राखण करीत होता? मुख्यतः तो देणाऱ्यापासूनच. तथापि एक गोष्ट पोर्तुगीजांनी सर्वांना शिकविली. पाण्यावर सत्ता म्हणजे पाणी ताब्यात असणे नव्हे, तर पाण्यावरून जाणाऱ्याचा कागद तपासता येणे. हा धडा पुढे ज्याने त्याने गिरवला.

बावीस एकरांचे राज्य

राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी, मुरूडजवळ, समुद्रात जो काळा तट उभा आहे, त्याचे 'जंजिरा' हे नाव बेट या अर्थाच्या 'जझीरा' या अरबी शब्दावरून आले. बेट सारे बावीसएक एकरांचे. आत गोड्या पाण्याचे दोन तलाव, भोवती खोल खारे पाणी, बुरुजांवर तोफा. आफ्रिकेतून येऊन दख्खनच्या सुलतानांच्या चाकरीत चढलेल्या सिद्दी सरदारांनी हे ठाणे आपले केले. आधी निजामशाही, मग आदिलशाही आणि शेवटी मोगल, असे धनी बदलत गेले. बेट मात्र सिद्द्यांकडेच राहिले. १९४८ साली संस्थान भारतात विलीन होईपर्यंत ते कोणाला जिंकता आले नाही.

मुलांच्या पुस्तकात एवढेच असते. पण लहान बेटाची खरी अडचण तटाबाहेर असते. बावीस एकरांत भात पिकत नाही, सागवान वाढत नाही. शिबंदीला खायला समोरचा किनारा हवा. गलबते बांधायला समोरचे रान हवे. तेव्हा बेटाच्या राज्याला दोन गोष्टींवाचून गत्यंतर नाही: एक तर किनाऱ्यावर हात मारावयाचा, नाही तर एखादा मोठा पाठीराखा गाठावयाचा. सिद्द्याने दोन्ही केले.

शिवाजी महाराजांनी १६५७ साली कल्याण-भिवंडी घेतली आणि त्या सुमारास आरमाराला हात घातला. रायगडावरून पाहिले तर पाठीशी सह्याद्री आणि पुढे सिद्दी. कोकणच्या खेड्यांवर त्याचे छापे पडत, घरे जळत, माणसे धरून नेली जात. महाराजांनी जंजिऱ्यावर पुन्हा पुन्हा मोहिमा केल्या. त्याच्यावर डोळा ठेवण्यासाठी जवळच्याच कांसा बेटावर पद्मदुर्ग बांधला. १६७०-७१ च्या सुमारास सिद्दी फत्तेखान बेट महाराजांच्या हवाली करण्याच्या बेतात आला. तेव्हा त्याच्याच साथीदारांनी त्याला कैद केले आणि मोगलांना साद घातली. औरंगजेबाला असा माणूस हवाच होता. सुरतेचा व्यापार आणि मक्केला जाणारी यात्रेकरूंची जहाजे राखण्याचे काम सिद्द्याकडे आले, त्यासाठी तनखा ठरला, 'याकूतखान' हा किताब मिळाला. आजच्या भाषेत बोलायचे तर जंजिऱ्याचा सिद्दी मोगलांचा तटरक्षक झाला. मोगलांच्या दप्तरी राखणदार आणि कोकणच्या रयतेच्या तोंडी दरोडेखोर, असे एकाच माणसाचे दोन चेहरे येथे प्रथम स्पष्ट दिसतात. राखणीचा पगार सुरतेहून येत होता. तेव्हा राखण सुरतेची होणार, मुरूडची नव्हे.

पाठीराख्याच्या बळावर हे बावीस एकर केवढे झाले, ते मुंबईकर इंग्रजांना लवकरच कळले. पावसाळ्यात वादळी दर्यावर गलबते राहू शकत नाहीत. त्यांना निवाऱ्याचे बंदर लागते. सिद्दी आपले आरमार मुंबईला आणून लावी. इंग्रजांना हा पाहुणा नको होता, परंतु सुरतेची वखार मोगलांच्या मुठीत असल्यामुळे नाही म्हणवत नसे. १६८२ साली संभाजी महाराजांनी किनाऱ्यापासून जंजिऱ्यापर्यंत दगडांचा बांध घालण्याचा अचाट उद्योग मांडला, पण मोगल फौज कोकणात उतरल्याने तो अर्धा राहिला. पुढे इंग्रजांनी मोगलांशी भांडण काढले तेव्हा १६८९ साली याकूतखान मुंबईवरच उतरला आणि इंग्रजांना किल्ल्यात कोंडून बसला. अखेर कंपनीने बादशहाला दीड लाख रुपये दंड भरला तेव्हा, १६९० साली, तो वेढा उठला.

खांदेरीचे दगड

या सगळ्याच्या मध्ये एक लहानसे बेट आहे, खांदेरी. अलिबागजवळ थळच्या किनाऱ्यासमोर, मुंबई बंदरात शिरणाऱ्या वाटेवर. तेथे वस्ती नव्हती, पीक नव्हते. होते ते फक्त ठिकाण. तेथे तोफ बसली की मुंबईत कोण जातो आणि मुंबईतून कोण निघतो, हे मोजता येईल, हे महाराजांनी ओळखले. १६७९ च्या पावसाळ्याच्या शेवटी मायनाक भंडारी माणसे आणि सामान घेऊन बेटावर उतरला आणि तटाचे दगड रचू लागला.

इंग्रज खवळले. बेट मुंबईचे, म्हणजे आपले, असा त्यांचा दावा. निघून जा म्हणून त्यांनी सांगून पाठविले. धन्याच्या हुकुमावाचून हलता येत नाही, असे उत्तर आले. सप्टेंबरात बेटावर उतरू पाहणारा थॉर्प नावाचा इंग्रज अधिकारी मारला गेला. १८ ऑक्टोबर १६७९ रोजी दौलतखानाच्या हाताखालील मराठी आरमाराची आणि इंग्रजांची पाण्यावर गाठ पडली. इंग्रजांचे 'रिव्हेंज' हे मोठे जहाज टिकले, पण 'डव्ह' ही गुराब मराठ्यांच्या हाती लागली. तरीही खांदेरीचा खरा निकाल त्या लढाईत लागला नाही. तो लागला रोज रात्री. थळ आणि नागावच्या बाजूने हलक्या होड्या अंधारात निघत आणि इंग्रजी जहाजांच्या मधून दगड, चुना, दाणा बेटावर पोहोचवून उजाडण्याच्या आत परत येत. या चपळ होड्या आपल्या जहाजांना सापडत नाहीत, अशी तक्रार इंग्रजांच्या पत्रांतून दिसते. कशा सापडाव्या? कोणता खडक कोणत्या भरतीला बुडतो आणि कोणत्या ओहोटीला डोके वर काढतो, हे कोळ्या-भंडाऱ्यांना बापजाद्यांपासून ठाऊक होते.

सिद्दीही स्वस्थ बसला नाही. १६८० च्या आरंभी त्याने शेजारचे उंदेरी बेट गाठून तेथे आपल्या तोफा चढविल्या. इंग्रजांनी मात्र त्याच वर्षी महाराजांशी तह करून खांदेरीचा नाद सोडला. पाण्यातल्या त्या खडकांसाठी तीन सत्ता झगडल्या, त्या मातीसाठी नव्हे, नाक्यासाठी.

हे आरमार कसे चालवावयाचे याचे नियम रामचंद्रपंत अमात्यांनी पुढे आज्ञापत्रात घालून दिले. आरमार म्हणजे लष्कराचे शेपूट नव्हे, ते राज्याचे स्वतंत्र अंग आहे, अशी त्यांची धारणा. कौल घेऊन येणाऱ्या व्यापाऱ्याला उपद्रव देऊ नये, हे ते बजावतात. गलबतांसाठी सागवान तोडावयाचे तेही परवानगीने; आंबा-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडे रयतेने लेकरासारखी वाढविलेली असतात. फारच गरज पडली, तर मालकाला राजी करून, मोल देऊन घ्यावीत. समुद्राच्या कायद्यात आंब्याच्या झाडाचे काय काम, असे एखाद्याला वाटेल. पण तेच तर मर्म आहे. ज्याच्या परसातला आंबा आपण विचारल्यावाचून तोडला, तो माणूस अंधारात आपली होडी कशाला वल्हवील? राखणदाराने आधी रयत राखावी, म्हणजे रयत दर्या राखते.

सरखेलांचे दस्तक

राजाराम महाराजांच्या काळात, १६९८ च्या सुमारास, मराठी आरमाराची सरखेली कान्होजी आंग्र्यांकडे आली. पुढची तीस वर्षे मुंबईच्या दक्षिणेकडचा किनारा त्यांच्या शब्दावर चालला. खांदेरी, कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग ही त्यांची ठाणी. त्यांची गलबते इंग्रजी जहाजांच्या मानाने लहान. पण वारा पडला की मोठे जहाज जागच्या जागी डुलत राही, आणि गलबते वल्ह्यांच्या जोरावर त्याच्या पिछाडीला जाऊन डोलकाठी, शिडे फोडीत. मग माणसे वर चढत.

कान्होजींचे म्हणणे साधे होते. हा किनारा छत्रपतींचा, मी त्यांचा सरखेल. येथून माल न्यायचा तर माझे दस्तक घ्या आणि फी भरा. दस्तक असलेल्या जहाजाला त्रास होणार नाही. कंपनीच्या स्वतःच्या जहाजांपेक्षा भांडण अधिक पेटे ते इतर व्यापाऱ्यांच्या जहाजांवरून. देशी व्यापाऱ्यांचा माल इंग्रजी निशाणाखाली जाई आणि कंपनी म्हणे, हे आमचे. याला हात लावू नका. आंग्रे म्हणत, निशाण बदलल्याने माल तुमचा होत नाही.

१७१२ साली आंग्र्यांच्या आरमाराने मुंबईच्या गव्हर्नराचे जहाज पकडले. त्यावर असलेला कारवारच्या वखारीचा मुख्य मारला गेला आणि त्याच्या तरुण विधवेला ३०,००० रुपये घेऊन सोडण्यात आले. हे लिहिताना अभिमानाने छाती फुगवण्याचे कारण नाही. विधवेकडून खंडणी घेणे, ही राखण नव्हे. आपल्या माणसाला लावावयाची कसोटी परक्याइतकीच कडक असली पाहिजे. तरी एवढ्यावरून कान्होजींना 'चाचा' ठरवून मोकळे होणाऱ्या इंग्रजी बखरकारांनी थोडे मागे वळून पाहावयास हवे होते. १६९५ साली हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने मक्केहून परतणारे औरंगजेबाचे 'गंज-इ-सवाई' हे जहाज लुटले, यात्रेकरूंवर अनन्वित अत्याचार केले आणि अपार संपत्ती घेऊन तो जो नाहीसा झाला तो कधी सापडलाच नाही. सुरतेच्या इंग्रजांना तेव्हा बादशहाने बेड्या घातल्या. एव्हरीच्या काही साथीदारांना १६९६ साली लंडनमध्ये फाशी झाली. एव्हरीला ना राजा होता, ना किनारा, ना रयत. कान्होजींना तिन्ही होते.

तरीही 'चाचा' हा शब्द आंग्र्यांना चिकटला. १७१८ साली इंग्रजांनी खांदेरीवर हल्ला केला, फसला. १७२१ च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले. त्यात मॅथ्यूज नावाचा नौदल अधिकारी होता. त्याला विलायतेहून पाठविले होते ते मादागास्करकडच्या चाच्यांचा बंदोबस्त करायला. तो येऊन भिडला सरखेलांना! बाजीराव पेशवे फौज घेऊन धावले, पोर्तुगीजांनी वेगळा तह केला आणि तीही मोहीम फसली. १७२९ साली कान्होजी वारले तोवर त्यांचे आरमार अजिंक्यच राहिले.

एका दिवसाची आग

आरमार बुडाले ते पुढच्या पिढीत, आणि बुडविले ते एकट्या शत्रूने नव्हे. कान्होजींच्या मुलांत वाटण्या झाल्या, भांडणे झाली. विजयदुर्गाकडचा भाग तुळाजींकडे आला. माणूस शूर, पण कोणाला न जुमानणारा. पेशव्यांचे वर्चस्व तो मानीना, शेजाऱ्यांना आणि व्यापाऱ्यांना त्याचा उपद्रव होई. पेशव्यांची तक्रार खोटी नव्हती. परंतु घरातला जागल्या उद्दाम झाला म्हणून त्याला काढायला त्यांनी बोलावले कोणाला? इंग्रजांना. १७५५ साली सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गाखाली आले. तुळाजींची गलबते एकमेकांना लागून नांगरलेली होती. त्यांत 'रिस्टोरेशन' नावाचे, कंपनीकडूनच पूर्वी पकडलेले, एक जहाज होते. तोफगोळ्याने त्याला आग लागली आणि तिथून ती साऱ्या आरमारात पसरली. दोन पिढ्यांनी उभे केलेले आरमार एका दिवसात पाण्यावर जळून गेले.

किल्ल्यात सुमारे दहा लाखांची लूट सापडली, ती इंग्रज अधिकाऱ्यांनी आणि खलाशांनी आपसांत वाटून घेतली. ठरल्याप्रमाणे किल्ला पेशव्यांच्या हाती द्यावयाचा होता. तो सोडायला त्यांनी ऑक्टोबर उजाडविला, आणि मोबदल्यात बाणकोट घेतले. तुळाजी कैदेतच वारला. विजयदुर्ग जिंकणारा क्लाइव्ह दुसऱ्या वर्षी, १७५७ साली, प्लासीला होता. पुढे धुळपांनी पेशव्यांचे आरमार नेटाने चालविले, १७८३ साली इंग्रजांचे 'रेंजर' जहाजही पकडले. पण मुंबईच्या गव्हर्नराला घाम फोडणारे दिवस गेले ते गेलेच. दर्यावरचा कागद तपासण्याचा हक्क आपण आपल्या हाताने दुसऱ्याला देऊन टाकला होता.

ऊस, बेट आणि मराठी माणसे

इंग्रजांनी हा हक्क मग सगळ्या हिंदी महासागरावर चालविला. मॉरिशस तेव्हा फ्रेंचांचे होते. तेथून फ्रेंच राजसत्तेचा परवाना घेतलेली जहाजे निघत आणि इंग्रजांचा हिंदुस्थानशी चाललेला व्यापार लुटत. फ्रेंच त्यांना वीर म्हणत, इंग्रज चाचे म्हणत, पुन्हा तेच! १८१० साली इंग्रजांनी बेट घेतले तेव्हा हा प्रकार थांबला. पुढे १८३४ पासून त्या बेटावरच्या उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून मजूर नेले जाऊ लागले, आणि मुंबईहून सुटणाऱ्या जहाजांतून आपली मराठी माणसेही तेथे गेली. त्यांची नातवंडे-पतवंडे आज तेथे नांदतात, मराठी जपतात. गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. आमच्या चिंतामणीचा भाऊबंद तेथे समुद्रात विसर्जन पावतो.

मॉरिशस १९६८ साली स्वतंत्र झाले. त्याची जमीन सुमारे दोन हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आमच्या यवतमाळ जिल्ह्याचा सहावा हिस्सासुद्धा नव्हे. पण १९८२ च्या आंतरराष्ट्रीय समुद्र कायद्याप्रमाणे किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैलांपर्यंतच्या मासळीवर आणि तळाच्या धनावर त्या त्या देशाचा हक्क मानला जातो. या हिशेबाने त्या चिमुकल्या देशाकडे सुमारे तेवीस लाख चौरस किलोमीटर समुद्र आला. सात महाराष्ट्र मावतील एवढा. कागदावर हे वैभव आहे. पण चोरून मासे मारणारी परदेशी जहाजे, अफू-गांजाची ने-आण, सोमाली चाचे, या सगळ्यांवर नजर ठेवायची तर जहाजे आणि विमाने आणायची कोठून? २०२० च्या जुलैत 'वाकाशिओ' हे मोठे जपानी मालकीचे जहाज त्यांच्या प्रवाळाच्या खडकावर चढले आणि त्यातून तेल सांडले. तेव्हा सरकारी यंत्रणेची वाट न पाहता तेथल्या लोकांनी उसाचा पाला कापडात भरून, त्याच्या लांब वळकट्या शिवून तेल अडविले.

मॉरिशसला गस्तीचे जहाज भारताने दिले. कोलकात्यात बांधलेले 'बॅराकुडा' २०१५ साली त्यांच्या तटरक्षक दलात दाखल झाले. दूरच्या आगालेगा बेटावर धावपट्टी आणि धक्का भारताच्या मदतीने बांधून २०२४ साली सुरू झाला. म्हणजे जंजिऱ्याचा धडा अजून संपलेला नाही. लहान बेटाला मोठा पाठीराखा लागतोच. फक्त पाठीराख्याने विचारावयाचे ते आपल्या मनाला: आपण राखण मुरूडची करीत आहोत, की सुरतेची?

जागल्या झोपला तर

आता आपल्या दारी येऊ. स्वातंत्र्यानंतर आपल्या किनाऱ्यावर सोन्याची आणि इतर मालाची चोरटी आयात फार माजली. नौदल लढाईसाठी, जकात खात्याच्या होड्या तोकड्या. मग समुद्रावर पोलीस कोण? नातवाचाच प्रश्न! त्याचा विचार करण्यासाठी सरकारने १९७४ साली एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते के. एफ. रुस्तमजी. ते जन्मले आमच्या नागपूरजवळच्या कामठीला. जिथून समुद्र कुठल्याही दिशेला दिसत नाही, अशा विदर्भातले. पोलीस खात्यात नाव कमावलेल्या या माणसाच्या समितीने समुद्रासाठी वेगळे दल सुचविले, आणि १९७७ साली भारतीय तटरक्षक दल उभे राहिले; १९७८ साली त्याचा कायदा झाला.

दल झाले, कायदा झाला. तरी १९९३ च्या आरंभी रायगड जिल्ह्यात दिघी आणि शेखाडीच्या किनाऱ्यांवर चोरटा माल उतरला. शेखाडीला उतरलेली स्फोटके १२ मार्चला मुंबईत फुटली. दिघी म्हणजे राजपुरी खाडीचाच दुसरा काठ; तेथून जंजिरा समोर दिसतो. माल उतरू शकला तो नाक्यावर कोणी नव्हते म्हणून नव्हे. नाक्यावर माणसे होती. त्यांतल्या जकात आणि पोलीस खात्यांतील काही जणांनी पैसे घेऊन वाट मोकळी केली, असे पुढे न्यायालयात शाबीत झाले. शेकडो तोफांनी जे साडेतीनशे वर्षांत घडले नाही, ते खिशातल्या नोटांनी एका रात्रीत घडविले. पैसे घेऊन राखण न करणाऱ्याला काय म्हणावे, ते आपण वर ठरवलेच आहे.

२६ नोव्हेंबर २००८ ला दहा जण 'कुबेर' नावाची पोरबंदरची मासेमारी नौका पळवून, तिच्या तांडेलाला मारून, रबरी होडीने मुंबईच्या मच्छीमार वस्तीपाशी उतरले. त्यांना पहिल्यांदा हटकले ते कोळी माणसांनी. हे आपले नव्हेत, हे त्यांनी पाहताच ओळखले. पण त्यांचे ओळखणे वेळेवर पुढे पोहोचले नाही, आणि शहराने तीन दिवस त्याची किंमत मोजली. खांदेरीच्या रात्री ज्या डोळ्यांवर महाराजांनी सारा भरवसा ठेवला होता, ते डोळे उघडेच होते. त्यांचे ऐकणारा कान मिटला होता. त्यानंतर सागरी पोलीस ठाणी वाढली, मच्छीमारांना ओळखपत्रे आली, नौकांवर खुणा आल्या. चांगलेच झाले. पण कार्ताझ असो, दस्तक असो वा ओळखपत्र असो, कागद स्वतः जागत नाही. जागते ते माणूस.

मार्च २०२४ मध्ये एक गोष्ट घडली, ती येथे सांगावीशी वाटते. सोमाली चाच्यांनी पळविलेले 'रुएन' नावाचे जहाज आपल्या नौदलाने किनाऱ्यापासून फार दूर गाठले, खलाशांना सोडविले आणि पस्तीस चाच्यांना जिवंत पकडून मुंबईला आणून पोलिसांच्या हवाली केले. त्यांच्यावर खटला भरता यावा असा स्वतंत्र कायदा आपण २०२२ साली केला होता. ज्या मुंबईतून कान्होजींना चाचा म्हणून पत्रे लिहिली गेली, त्याच मुंबईच्या धक्क्यावर आपल्या आरमाराने चाचे उतरविले, फाशी द्यायला नव्हे, न्यायाधीशापुढे उभे करायला. त्या बंदरात शिरताना वाटेत खांदेरी लागते. १९९८ पासून तिला कान्होजी आंग्रे बेट असे नाव आहे, आणि २०२५ साली जागतिक वारसा म्हणून जे बारा मराठी किल्ले गौरविले गेले, त्यांत तीही आहे. तिच्यावरचे दीपगृह आज कोणाचे दस्तक विचारीत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या सर्वांना खडक दाखविते. राखण म्हणजे शेवटी हेच.

कोणी म्हणेल, कळंबला याचे काय? तर वाचकहो, आमच्या रानातला कापूस सुताच्या वा गाठींच्या रूपाने समुद्रावरूनच परदेशी जातो. खताची पोती, मोटारीतले डिझेल, दिवाळीच्या चकल्या तळायला घेतलेले तेलसुद्धा बऱ्याच अंशी समुद्रावरूनच येते. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि वाहतुकीचे दर चढले. त्याची झळ गावोगावच्या बाजारापर्यंत आली. आमच्या गावाला वर्ध्याहून रेल्वे आली ती २०२४ साली. समुद्र मात्र आमच्या दाराशी केव्हाच येऊन ठेपला होता; आम्हीच पाहिला नव्हता.

यंदाचा किल्ला परवाच तयार झाला. घमेले तेच, पाणी तेच. मी नातवाला बाजूला बसवून वरची सारी हकीकत जमेल तशी सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतली. मग तटावरचे दोन शिपाई उचलले आणि एका कागदाच्या होडीत नेऊन बसविले. एक पणती घेतली आणि बेटाच्या टोकाला ठेवली.

"आबा, रात्री हे विझली त?" त्याने विचारले.

"मग कोणीतरी उठून तेल घालायचं," मी म्हटले.

रात्री अंगणात पाहिले, तर पोरगे सतरंजी टाकून घमेल्याशेजारीच निजायच्या तयारीत होते. त्याच्या आजीने ओरडून त्याला आत नेले. तेल घालायला मग मीच दोनदा उठलो.